एका चित्रापुढं दीड तास

म्हैसूरच्या सहलीत मी सगळ्यांचा खोळंबा केला, असं घरात अजून ऐकवलं जातंय. म्हणून माझी बाजू इथं लिहितो.

बेळगावातून रातभर गाडी. सकाळी राजवाडा, मग जगनमोहन पॅलेसला वीस मिनिटं, मग प्राणी संग्रहालय, चामुंडी आणि अंधार पडायला वृंदावन गार्डन. सगळ्यांची म्हैसूरची यादी हीच. त्यातली ती 'वीस मिनिटं' म्हणजे १८६१ सालचा आख्खा वाडा आणि आत १९१५ पासून मांडलेली चित्रं! राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रंसुद्धा मी चालता चालताच बघितली, खोटं कशाला सांगू.

खरं दिवा घेतलेल्या बाईपुढं पाय अडले.

हे चित्र तुमच्याही घरी असणार. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. आमच्या शहापूरच्या घरात देव्हाऱ्याशेजारी त्याचा फ्रेम केलेला कॅलेंडरचा कागद आहे आणि लहानपणापासून तो 'रविवर्म्याचा'. तिथंही काकांनी मागच्या अनोळखी लोकांना तेच ऐकवलं. रविवर्मा वारले १९०६ ला. हे चित्र १९४५-४६ चं. काढलंय सावळाराम हळदणकरांनी, जन्म १८८२, गाव सावंतवाडी. म्हणजे आंबोली घाट उतरला की आलंच! आपण आयुष्यभर शेजाऱ्याचं श्रेय केरळला देत बसलोय.

आणि हा जलरंग आहे. शाळेत जलरंगात कागदाची वाट लावलेल्यांना यातली गोम कळेल. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो, इथं ती सोय नाही. उजेड हवा तिथं कागद कोराच राखायचा, म्हणजे अंधार रंगवायला घेण्याआधी उजेड कुठं हे ठरलेलं पाहिजे. एक थेंब पसरला की ज्योत गेली. चेहऱ्यावरचा तो उजेड म्हणजे बराचसा राखलेला कागदच, हे कळायला मला पाऊण तास लागला. आधी लांबून बघितलं, मग जवळून, मग बाजूनं.

"काय बघालास रं एवढं? गाडीवाला हॉर्न मारालाय!" मावशी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती माझ्याजवळ उभी राहिली, म्हणाली, "हात भाजत नसंल होय तिचा?"

सगळ्या दालनांत त्या दिवशी कुणी विचारलेला हा एकमेव बरा प्रश्न, असं माझं मत. कारण ती बाई खरीच होती. हळदणकरांची मुलगी, गीता. दिवा धरून तिला तासन् तास उभं राहावं लागलं होतं. प्राणी संग्रहालय हुकलं, त्याचं बिल माझ्या नावावर फाडा. जिराफ मी परत कधीतरी बघेन.

दुसरी एक गोष्ट मात्र आता परत होणार नाही. गीताताई उपळेकर कोल्हापुरात राहत होत्या, २०१८ ला वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. कोल्हापूर आम्हाला दोन-अडीच तासांवर. अंबाबाईला, चपलांना, लग्नाच्या बस्त्याला किती खेपा झाल्या असतील! घरात रोज जिच्यापुढून आम्ही उदबत्ती फिरवत होतो, ती त्याच गावात होती.

आल्यावर फ्रेमच्या मागं स्केचपेननं हळदणकरांचं नाव लिहिलं. काका अजून म्हणतात, रविवर्माच.