फाळक्यांचे दोन मैल आणि द्राक्षाचा एक मणी

दादा, कमेंट वाचली, दोनदा वाचली. राग नाही आला, उलट अर्धी पटलीच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी ट्रेलरवाल्यांना फसवे म्हणतो आणि जुन्या रंगवलेल्या पोस्टरांवर उगाच गहिवरतो, ती पोस्टरं काय सत्यवचनी हरिश्चंद्र होती का, आणि ट्रेलर शेवटी जाहिरातच, कोर्टानेही तेच सांगितलंय, मग रडता कशाला. वर छोट्या मराठी सिनेमाने पब्लिसिटी करायचीच नाही का, हेही.

हरिश्चंद्राचं नाव काढलंत ते बरं झालं. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सुरतेला नेला तेव्हाची जाहिरात प्रसिद्ध आहे: ५७,००० फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! आता हिशोब करा. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे ५७,००० फोटोंचे झाले साडेतीन हजार फुटांच्या आसपास, आणि मैल असतो ५,२८० फुटांचा. फोटोंचा आकडा ठीक, पण फिल्म धड पाऊण मैलसुद्धा भरत नाही! तीही सत्यवादी राजाच्या पिक्चरची. 'जुनी पोस्टरं प्रामाणिक होती' हे माझं वाक्य मागे घेतलं, जा.

पण दोन्ही थापा एका तराजूत टाकू नका. लहानपणी मेन रोडला पोस्टर चिकटवणारा सायकलवर यायचा, हँडलला खळीची बादली, कॅरिअरला कागदांच्या गुंडाळ्या. मोठं पोस्टर तुकड्यांत असायचं आणि घाईत जोड चुकला की हिरोचं नाक एकीकडे, मिशी दुसरीकडे, आम्ही पोरं तिथेच उभं राहून हसायचो आणि तो वरून ब्रश झटकायचा. ते बघून हिरो खरोखर एवढा लालबुंद असेल असं कोणालाच वाटायचं नाही. चितारलेलं आहे हे दिसत होतं ना, थाप थापेसारखी दिसायची.

ट्रेलरचं तसं नाही. द्राक्षाच्या सीझनला हायवेवर गाडी थांबवा. पेटीवर छापलेला घड कायम टपोराच असतो, त्यावरून कोणी भांडत नाही. पण विकणारा एक मणी तोडून हातावर ठेवतो, "चव बघा" म्हणतो, तो मणी त्याच पेटीतला पाहिजे की नको? पोस्टर म्हणजे पेटीवरचं चित्र आणि ट्रेलर म्हणजे तो मणी. सिनेमाचेच तुकडे कापून दाखवतात म्हणून तर आपण विश्वास टाकतो.

आता कोर्ट. तुम्ही म्हणताय ती 'फॅन'ची केस, ट्रेलरमधलं गाणं सिनेमात नव्हतं, एक प्रेक्षक बाई ग्राहक मंचाकडे गेल्या, खाली १०,००० भरपाई आणि ५,००० खर्च मंजूर झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, नुसत्या प्रमोशनल ट्रेलरने करार होत नाही म्हणून. बरोबरच आहे, करार नाहीच. भरपाई मिळणार नाही एवढं कळलं, वैतागायला बंदी आहे असं काही मला त्यात दिसलं नाही.

राहिला छोटा मराठी सिनेमा. अहो, त्यालाच हे सगळ्यात महागात पडतं. मागच्या रविवारी आईला घेऊन गेलो, ट्रेलर बघून कॉमेडी म्हणून, नाव नाही घेत. विनोद सगळे ट्रेलरमधलेच, वीस मिनिटांत संपले, पुढे नुसती रडारड. रडारड वाईट नव्हती हो, सांगून रडवलं असतं तर आई रुमाल घेऊन आली असती. इंटरव्हलला म्हणाली, "हा दुसराच पिक्चर लागलाय का रे?" आणि समोसा येईपर्यंत तिने भिशीच्या ग्रुपवर टाकून दिलं, मंगळवारची आठ तिकिटं काढू नका म्हणून.