‘मी यंत्रमानव नाही’: नवशिक्यांसाठी थोडं मार्गदर्शन

नव्या युगात सुखाने नांदायचं असेल, तर आपण माणूस आहोत हे आधी यंत्राला पटवून देता आलं पाहिजे. आईवडिलांनी, शेजाऱ्यांनी, मास्तरांनी आजवर तुम्हाला माणूस धरलं असेल, पण ते सगळं ऐकीव. वेबसाइट पुरावा मागते.

समोर नऊ चौकोन येतील. ‘सिग्नल दिसतो ते निवडा.’ घाई करू नका. तीन चौकोनांत दिवे आहेत, ते सोपं. चौथ्यात नुसता खांब. आता खांब म्हणजे सिग्नल का? इथे भलेभले घसरतात. मी एकदा खांब धरला, नापास. खांब सोडला, तरी नापास. तिसऱ्या खेपेला बसगाड्या आल्या, आणि त्यात एक चौकोन असा, की बसच्या आरशाचा कान तेवढा आत डोकावतोय. अखेर हिरवी खूण उमटली तेव्हा घरात कोणाला तरी सांगावंसं वाटलं, की बघा, मी आहे!

यात वेळ फुकट जातो असं मात्र म्हणू नका. पूर्वी याच परीक्षेत वाकडीतिकडी अक्षरं ओळखावी लागायची. त्यांतले कितीतरी शब्द जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्कॅन करताना संगणकाला न लागलेले असत. ‘रीकॅप्चा’ नावाची ही परीक्षा गूगलने २००९ साली विकत घेतली. जगभरची माणसं लॉगिन करताकरता बिनपगारी ग्रंथसेवा करत होती आणि वर पासवर्ड विसरल्याबद्दल स्वतःलाच बोल लावत होती. आता यंत्राला वाचता येतं, लिहिताही येतं. तेव्हा माणूस असल्याचा दाखला हातात पडला, की माणसाची कामं ताबडतोब सोडून द्या.

फोन नंबर पाठ करणं, रस्ता विचारणं, वाढदिवस लक्षात ठेवणं यांतून तुम्ही केव्हाच मोकळे झाला असाल, त्यावर शाई घालवत नाही. अटी-शर्ती वाचण्याची सवय तर मुळात कोणालाच नव्हती.

खरं कौशल्य लागतं ते विचार करायचं सोडायला. यासाठी न्यूयॉर्कच्या एका वकिलांचा कित्ता गिरवा. २०२३ साली त्यांनी चॅटजीपीटीकडून जुन्या खटल्यांचे दाखले काढून घेतले आणि ते न्यायालयात दाखल झाले. त्यांतले काही खटले कधी झालेच नव्हते. पण त्यांनी पडताळणी केली नाही, असं कोणी म्हणू नये. हे खटले खरे आहेत का, असं त्यांनी चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. ते हो म्हणालं. चोरालाच साक्षीला बोलावण्याची ही पद्धत जलद आहे, कागदपत्रं चाळावी लागत नाहीत. पुढे न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला, तो शिकवणीची फी समजावा.

चूक अंगाशी आलीच तर काय करायचं, याचीही सोय आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा कंपनीची भूमिका काय, तर चॅटबॉट स्वतंत्र आहे, त्याच्या कृत्याला तोच जबाबदार. २०२४ साली न्यायाधिकरणाने हे काही मानलं नाही. जुन्या वळणाची माणसं, दुसरं काय! तुम्ही घरी नेटाने प्रयोग चालू ठेवा.

घरावरून आठवलं. भिंतीवरची बटणं काढून टाका. आमच्याकडचा दिवा बोललेलं ऐकतो. परवा रात्री तहान लागली म्हणून मी त्याला हाक मारली. उत्तर आलं, ‘इंटरनेट जोडणी उपलब्ध नाही.’ मग अंधारात, गुडघा टेबलाला आपटत, मोबाईल शोधला, अ‍ॅप उघडलं, अ‍ॅपला माझी ओळख पटेना. या सगळ्यात मोबाईलच्या पडद्याचा इतका लख्ख उजेड पडला होता, की पाणी पिऊन झाल्यावर लक्षात आलं, दिव्याची गरजच नव्हती. हे बटणाने कधी शिकवलं असतं?

उरलं मन मोकळं करणं. त्यासाठीही माणूस लागत नाही, हे तर १९६०च्या दशकातच दिसलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपलंच वाक्य फिरवून तो प्रश्न म्हणून परत द्यायचा, एवढीच त्याची हुशारी. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम महिनोन् महिने डोळ्यांदेखत तयार होताना पाहिला होता. तरी दोनचार वाक्यं बोलून झाल्यावर बाई त्यांनाच म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर जाता का?

आपल्याला तेवढी भीड मोडावी लागत नाही. घरातली चारही माणसं चार कोपऱ्यांत मान खाली घालून बसलेली असतात. बिनधास्त बोला, कोणी ऐकत नाही.