घरा समोर

रविवारी दुपारी माझ्यापुढे नववीच्या बासष्ट वह्या. विषय ‘मी मुठा नदी बोलतेय’, शब्दमर्यादा १३० ते १५०, गुण पाच. मर्यादा मीच घातली होती. गेल्या वेळी एका मुलीने पर्वतीवरच्या पहाटेला सात पानं दिली होती आणि सहाव्या पानापर्यंत उजाडलंच नव्हतं. ज्या गावात ‘बेल एकदाच वाजवावी’ एवढ्यात घरमालकाचा अख्खा स्वभाव मावतो, त्या गावातली ही पोरं!

एकाने समासात पेन्सिलीने बेरीज मांडली होती : ९, १७, २६... दीडशे भरले तिथे गडी थांबला. शेवटची ओळ : ‘खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल’. बस. पुलाचं पुढे काय होतं ते सगळ्या पुण्याला ठाऊक आहे, म्हणून गुण नाही कापला.

खरी गंमत ज्यांना शब्द कमी पडतात त्यांची. मराठीत शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला चिकटून बसतं. ‘घरासमोरच्या अंगणात’ म्हटलं की दोनच शब्द; तेवढ्याचेच इंग्रजीच्या बाई आठ करून देतात. मग आमची मुलं तोडफोड करतात. ‘घरा समोर’, ‘नदी काठी’, ‘पुला खालून’. शुद्धलेखन बुडालं, पण शब्द वाढले! आणि ज्यांचे जास्त होतात ते उलट सगळं जोडून टाकतात. ‘पावसाळ्यातमलाफारमजायेते’ हे मी तीनदा वाचलं. आधी मला तो संस्कृत समासच वाटला.

पहिल्या दहा वह्यांतले शब्द मी प्रामाणिकपणे मोजले. मग एका ओळीतले मोजून ओळींनी गुणायला लागले. चारच्या चहानंतर नुसतं वजन बघून गुण दिले. (हे शाळेत कुणाला सांगू नका.) पन्नासाव्या वहीला तर कुणी पूर्णविराम दिलेला दिसला तरी गहिवरून येत होतं.

बुधवारी एक पालक आले. हातात वही.

‘बाई, एकशे अडतीस शब्द आहेत. मी स्वतः दोनदा मोजलेत. अर्धा गुण का कापलात?’

‘अहो, हे तोडलेले शब्द जोडा बघू. एकशे सत्तावीसच भरतात.’

ते काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि माझ्या लाल शेऱ्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘शब्द मर्यादा पाळावी.’

‘हे जोडून लिहितात ना?’

अर्धा गुण परत केला. ते माझी चूक धरून पाऊण मागत होते.