कातालान माणसाचं सौजन्य त्याच्याच भाषेला नडतंय

बार्सिलोना म्हटलं की आपल्याला मेस्सी आठवतो, फार तर गाउदीचं चर्च. त्या शहराची मूळ भाषा कातालान, हे सहसा कुणाच्या गावी नसतं. आणि ती स्पॅनिशची बोलीबिली नाही हं, लॅटिनपासून स्वतंत्र वाढलेली भाषा आहे. अंडोरा या चिमुकल्या देशाची तर ती एकमेव अधिकृत भाषा.

१९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँको जिंकला आणि कातालान शाळेतून, कचेरीतून हद्दपार झाली. मुलांची नावंसुद्धा दप्तरी स्पॅनिशच हवीत. बार्सिलोनाकडून खेळणाऱ्या योहान क्रायफने १९७४ मध्ये मुलाचं नाव ठेवलं जोर्दी, अस्सल कातालान. कचेरी म्हणे, ‘होर्हे’ लिहा. पण पोराची नोंद आधीच ॲमस्टरडॅमला झालेली, आणि क्रायफ कसला हटतोय! शेवटी जोर्दीच लागलं. एका डच माणसाने दाखवलेला हा हट्ट तिथे आजही कौतुकाने सांगतात.

फ्रँको गेला, १९८३ मध्ये भाषेचा कायदा आला, त्याच वर्षी टीव्ही-३ हे कातालान चॅनल निघालं, शाळा कातालानमधून भरू लागल्या. म्हणजे सगळं मिळालं. तरी २०२३ ची सरकारी पाहणी बघा. कातालोनियातल्या, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे तिथल्या, सुमारे ८० टक्के लोकांना कातालान बोलता येतं, पण रोजची भाषा म्हणून तिचं नाव घेणारे जेमतेम ३२.६ टक्के. २००३ मध्ये ते ४६ टक्के होते.

बाहेरून खूप लोक आले, हे कारण आहेच. पण मला दुसरं कारण जास्त खुपतं. समोरचा स्पॅनिशमध्ये बोलला की कातालान माणूस लगेच स्पॅनिशवर येतो, समोरच्याला कातालान कळत असलं तरी! चौघांत एक स्पॅनिशवाला असला की सगळ्या गप्पा स्पॅनिशमध्ये. रिक्षावाल्याशी आपणहून हिंदीत सुरुवात करणाऱ्या मुंबईकराला हे समजावून सांगायला नको.

शाळेत स्पॅनिश किती टक्के असावी यावर कोर्टकज्जे चालू आहेत, चालोत. मला आवडली ती भाषाजोड्यांची योजना. एक कातालान बोलणारा, एक शिकणारा. आठवड्याला तासभर, असे निदान दहा तास नुसत्या गप्पा. विषय कुठलाही, कॉफी पीत बसा नाहीतर बाजारात फिरा, पण बोलायचं कातालानमध्येच. योजना शिकणाऱ्यासाठी म्हणून काढलेली. मला तर वाटतं, त्या दहा तासांत जास्त घाम कातालान माणसालाच फुटत असणार. समोरचा अडखळला की त्याची जीभ स्पॅनिशकडे वळतेच.