साउथ कॅरोलायनाला ‘राज्यांचे हक्क’ हवे होते का?

‘अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्ये १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटली ती राज्यांच्या हक्कांसाठी आणि आयात कराच्या जाचामुळे, गुलामगिरीचे कारण विजेत्यांनी मागाहून चिकटवले’ असा मजकूर वारंवार फिरतो. जोडीला आणखी दोन विधाने असतात: बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच, आणि फुटण्याचा निर्णय जनतेचा होता. सर्वांत आधी बाहेर पडले ते साउथ कॅरोलायना. म्हणून तिथल्या विधिमंडळाने प्रत्यक्षात काय केले, तेच तपासू.

‘लढा राज्यांच्या हक्कांचा होता.’ हे राज्य स्वतःचे हक्क मागत होते हे खरे. पण दुसऱ्या राज्यांचे हक्क त्याला मान्य नव्हते. चार्ल्सटनमधल्या डेन्मार्क व्हेसी या स्वतंत्र काळ्या माणसाने आखलेला गुलामांच्या उठावाचा कट उघडकीस आल्यावर डिसेंबर १८२२ मध्ये विधिमंडळाने खलाशांचा कायदा केला. चार्ल्सटन बंदरात आलेल्या जहाजावर स्वतंत्र काळा खलाशी असेल, तर शेरीफने त्याला उतरवून घेऊन जहाज निघेपर्यंत तुरुंगात ठेवायचे आणि त्याचा खर्च कप्तानाने भरायचा. कप्तानाने टाळले, तर त्याला किमान १,००० डॉलर दंड आणि दोन महिने कैद. शिवाय मूळ कायद्यानुसार त्या खलाशाला गुलाम ठरवून विकायचे. हे खलाशी मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांचे नागरिक होते, ब्रिटिश प्रजाजनही होते. १८२३ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी कायदा घटनाबाह्य असल्याचे मत दिले, तरी राज्याने अंमल सुरूच ठेवला. १८४४ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सॅम्युएल होर यांना आपल्या खलाशांच्या वतीने दाद मागायला चार्ल्सटनला पाठवले, तेव्हा विधिमंडळाने त्यांना हाकलून देण्याचा ठराव केला. होर यांना मुलीसह परतावे लागले.

१८३५ चा प्रसंग तर याहून बोलका आहे. जुलैअखेर चार्ल्सटनच्या टपाल कार्यालयातून जमावाने गुलामगिरीविरोधी पत्रके पळवली आणि जाळली. डिसेंबरात विधिमंडळाने उत्तरेकडच्या राज्यांना उद्देशून ठराव केला: तुमच्या हद्दीतल्या गुलामगिरीविरोधी संस्था तातडीने बंद करा; आमच्या गुलामांना उठावाला चिथावतील अशी वृत्तपत्रे, पत्रके, चित्रे छापणे आणि वाटणे हा कडक शिक्षेचा गुन्हा ठरवा. म्हणजे न्यूयॉर्कच्या छापखान्यात काय छापावे, याचा निर्णय साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया इथल्या सभागृहाच्या मर्जीने व्हायचा.

पळालेल्या गुलामांबाबतही तेच. त्यांना पकडून मालकाला परत देण्याचा १८५० चा संघीय कायदा राज्यांच्या डोक्यावरून थेट हुकूम चालवणारा होता. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. प्रकरण ठरवणाऱ्या संघीय आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर फी, सोडले तर पाच. उत्तरेतल्या राज्यांनी आपापले कायदे करून याला अडथळा आणला, आणि फुटण्यासाठी भरलेल्या अधिवेशनाने कारणे सांगणारा जो जाहीरनामा २४ डिसेंबर १८६० ला काढला, त्यात साउथ कॅरोलायनाने नेमकी तीच तक्रार केली. त्यात तेरा राज्यांची नावे घेतली आहेत. मालकाला आपले गुलाम घेऊन न्यूयॉर्कमधून जाताही येत नाही, हाही आक्षेप आहे. उत्तरेची राज्ये स्वतःचे हक्क वापरतात, असाच या तक्रारीचा अर्थ होतो.

‘खरे कारण आयात कर.’ यात थोडे तथ्य आहे, पण ते १८३२ चे. त्या वर्षी राज्याने संघीय आयात कर निष्प्रभ ठरवला आणि १८३३ मध्ये तडजोड झाली. तेव्हाही या राज्याचे नेते आणि त्या वेळचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅलहून यांनी सप्टेंबर १८३० च्या पत्रात लिहिले होते की कर हे निमित्त आहे, खरे कारण नव्हे. १८५७ चा दर त्या काळातल्या सर्वांत कमी दरांपैकी होता. वाढीव दराचा मॉरिल कायदा २ मार्च १८६१ चा. तोवर सात राज्ये बाहेर पडली होती, आणि त्यांच्या सदस्यांनी जागा सोडल्यामुळेच सिनेटमध्ये त्याची वाट सोपी झाली. डिसेंबरच्या त्या जाहीरनाम्यात आयात कराचा उल्लेखही नाही. त्याच अधिवेशनाने काढलेल्या दुसऱ्या पत्रकात करांविषयी तक्रार आहे, हे नोंदवायलाच हवे. मात्र ते पत्रक उद्देशून आहे ‘गुलाम बाळगणाऱ्या राज्यांतील लोकांना’.

‘बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हते.’ या राज्यात १८६० साली जवळपास ४६ टक्के गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते. माणसे मोजून टक्का काढला की तो घसरतो, कारण मालक म्हणून नाव एकट्या कुटुंबप्रमुखाचे लागते. बायकामुले ‘गुलाम नसलेल्यां’मध्ये जातात. फिरणाऱ्या मजकुरात बहुधा हाच लहान आकडा असतो.

‘निर्णय जनतेचा होता.’ १७९० च्या राज्यघटनेनुसार आपल्याच मतदारसंघातून कनिष्ठ सभागृहात जायचे तर ५०० एकर जमीन आणि दहा गुलाम लागत, किंवा १५० पौंडांची कर्जमुक्त स्थावर मालमत्ता. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी मतदारांऐवजी विधिमंडळाने नेमले, असे हे एकमेव राज्य. त्या कामासाठी जमलेले सभासद लिंकन निवडून आल्याचे कळेपर्यंत थांबले आणि १० नोव्हेंबरला फुटण्याविषयीचे अधिवेशन बोलावण्याचा कायदा करून मोकळे झाले. ६ डिसेंबरला या अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडले गेले. २० तारखेला १६९ विरुद्ध शून्य मतांनी राज्य बाहेर पडले. हा ठराव पुढे लोकांच्या मताला टाकलाच नाही. आणि त्या वर्षीच्या जनगणनेत राज्यातल्या ७,०३,७०८ माणसांपैकी ४,०२,४०६ जण गुलाम होते.