दिवा कोणासाठी लावतोय आपण?

सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमधे काल परत तेच, आई हॉलमधे पोथी वाचत बसलेली आणि पाच मिनिटात स्मार्ट होमच्या ऑटोमेशनने लाइट बंद! ती बिचारी हात हलवतीये सेन्सरकडे बघून, चष्मा एका हातात, पान दुसऱ्या हातात. अरे तो साधा पीआयआर सेन्सर आहे, त्याला फक्त हालणारी उष्णता कळते, शांत बसलेला माणूस त्याच्या लेखी घरातच नाही, मग लाइट कधी लावायचा, कधी विझवायचा हा रूल लिहिणाऱ्याने हे धरायला नको का?

बरं, ज्याने बसवून दिलं त्याने "हालचाल दिसली की लाइट चालू, ५ मिनिटं थांब, बंद" एवढंच लिहून ठेवलंय. मोड सिंगल. म्हणजे त्या पाच मिनिटात कितीही हाललात तरी मोजणी नव्याने सुरूच होत नाही. तिथे रीस्टार्ट मोड हवा, म्हणजे दर हालचालीला मोजणी पहिल्यापासून, आणि बंद करायची वेळ "शेवटची हालचाल थांबल्यापासून" मोजायला हवी, बसायच्या खोलीत तर किमान अर्धा तास. जमलं तर एमएमवेव्ह सेन्सर (छोटा रडारच), तो श्वासाची हालचालसुद्धा पकडतो.

आणि ते बाल्कनीच्या लाइटचं "संध्याकाळी ७ वाजता चालू"! नाशकात डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमधे सातनंतर. सूर्यास्ताचा ट्रिगर, म्हणजे सूर्य मावळला की रूल सुरू करणारी खूण, असतो ना त्या सिस्टीममधे, वापरा की तो!

सगळ्यात आधी भिंतीवरचं बटण नेहमीसारखं काम करू द्या राव. आईने हाताने लावलेला दिवा कुठल्याही रूलने विझवायचा नाही.