मॅग्ना कार्टा दाखवून काउन्सिल टॅक्स माफ होत नाही, बाबांनो

'ब्रिटनमध्ये लोकशाही संपली, झोपेतून जागे व्हा' असा एक भला मोठा मेसेज इकडच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचं, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या सनदेचं, कलम ६१ अजून लागू आहे, त्यामुळे 'कायदेशीर बंड' पुकारून काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, थांबवता येतो. पत्रावर तुमचं नाव कॅपिटल अक्षरांत असेल तर ते तुमचं नव्हेच, परत पाठवा. इथे लिखित राज्यघटना नाही म्हणजे हक्कच नाहीत. पोस्ट टाकली म्हणून रोज तीस जणांना उचलतात. डिजिटल आयडी खिशात नसेल तर रस्त्यात पकडतील. मोर्चे बंद. आणि शेवटी, आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना मत नाही तेव्हा बंड हाच मार्ग. खाली 'पंधरा जणांना पाठवा' आहेच.

मी असले मेसेज वाचून सोडून देतो, पण या वेळी माझ्या मामेभावाने तो वाचून सोडला नाही, अमलात आणला. चांगला शिकलेला, आयटीतला मुलगा, घरी दोन लहान पोरं. काउन्सिलचं रिमाइंडर आलं त्यावर लाल पेनने 'माझा तुमच्याशी करार नाही' असं लिहून ते परत पाठवलं आणि ग्रुपवर फोटो टाकला, त्याला अठ्ठावीस अंगठे. पुढे काय झालं ते ग्रुपवर कोणी टाकलं नाही, म्हणून मी टाकतो. रिमाइंडरनंतर सात दिवसांत हप्ता गेला नाही तर हप्त्यांची सवलत जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात. तशी मागितली. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च वेगळा. वहिनीचा मला रात्री अकराला फोन, "भाऊजी, हे बेलिफ घरात शिरतात का हो?"

तर आता कलम ६१. हे कलम होतं, खोटं नाही. जून १२१५ मध्ये रनीमीडच्या कुरणात किंग जॉनने जी सनद मान्य केली तिच्यात लिहिलं होतं की पंचवीस सरदार निवडायचे, राजाने सनद मोडली तर त्यांच्यातले चौघे जाऊन तक्रार करणार, चाळीस दिवसांत राजा सुधारला नाही तर पंचवीस जणांनी राजाचे किल्ले आणि जमिनी जप्त करायच्या, फक्त राजा, राणी आणि त्यांच्या पोरांना हात लावायचा नाही. बाकीच्यांनी काय करायचं, तर या सरदारांचं ऐकायची शपथ घ्यायची. यात टॅक्स चुकवायची मुभा कुठे दिसते कोणाला? आणि हे सगळं टिकलं किती, तर ऑगस्टमध्ये पोप इनोसंट तिसरा याने अख्खी सनदच रद्द ठरवली. पुढच्या वर्षी जॉन मेला, त्याच्या लहान पोराच्या नावाने १२१६ मध्ये सनद पुन्हा काढली तेव्हा हे कलम गाळलं, आणि नंतरच्या कुठल्याच आवृत्तीत ते परत आलं नाही. आज जी मॅग्ना कार्टा कायदा म्हणून मोजतात ती १२९७ ची आहे. सरकारची कायद्यांची वेबसाइट फुकट आहे, तिथे ती ठेवलेली आहे, दोन मिनिटांत वाचून होते कारण तीन-चार कलमं सोडून बाकी सगळी रद्द झालीयेत. मला बाकी कोणाचे व्हिडिओ पाठवू नका, आधी ते पान उघडा आणि त्यात ६१ शोधून दाखवा. पेशव्यांची सनद दाखवून टोलनाक्यावरून गाडी काढण्यातला हा प्रकार आहे.

कोविडच्या काळात वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका सलूनवर हेच कलम ६१ चिकटवून लॉकडाउनमध्ये दुकान चालू ठेवलं होतं, हजारो पौंडांचा दंड बसला. काउन्सिल टॅक्स घेतात तो १९९२ च्या कायद्याने, तिथे करार, सही, संमती यांचा संबंधच नाही, त्यामुळे 'करार नाही' लिहिणं बरोबरच आहे म्हणा, करार नाहीच आहे, कायदा आहे. आणि इंग्लंडमध्ये मुद्दाम टॅक्स बुडवला तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, वेल्समध्ये ते बंद झालंय. उद्या नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर चांगल्या चारित्र्याची अट असते, तिथे कोर्टाचे असले कागद शोभा वाढवत नाहीत.

कॅपिटल अक्षरांबद्दल काय बोलू. पासपोर्टवरही नाव कॅपिटलमध्येच असतं, तो घेऊन सुट्टीला पुण्याला जाताना कोणी म्हणत नाही की हा मी नव्हेच. आणि वहिनीसाठी उत्तर: काउन्सिल टॅक्सच्या बेलिफला पहिल्या वेळी दार तोडून घरात शिरता येत नाही, दार उघडायची सक्ती नाही. हे आजच्या साध्या नियमांत आहे, त्यासाठी जॉन राजाला उठवायची गरज नव्हती. काउन्सिलला फोन करून हप्ते पुन्हा बांधून मागा, बऱ्याचदा देतात.

राज्यघटनेचा मुद्दा अर्धा खरा आहे. एका पुस्तकात लिहिलेली घटना इथे नाही आणि पार्लमेंट साध्या बहुमताने जवळपास काहीही बदलू शकतं, आपल्याकडच्यासारखं 'मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही' असं सांगणारं कोर्ट इथे नाही, हे मलाही खटकतं. पण हक्कच नाहीत हे कुठून आणलं? १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा आहे, १६८९ चं बिल ऑफ राइट्स आहे, १९९८ चा ह्युमन राइट्स अ‍ॅक्ट आहे जो २००० पासून लागू आहे आणि रोज कोर्टात वापरला जातो.

रोज तीस अटका. बरं, आकडा हवेतला नाही, मान्य. 'द टाइम्स'ने एप्रिल २०२५ मध्ये छापला होता, २०२३ मध्ये ३७ पोलीस दलांनी मिळून १२,१८३ अटका केल्या, म्हणजे दिवसाला तेहतीस. पण या अटका ज्या दोन कायद्यांखाली झाल्या, आक्षेपार्ह मेसेजबद्दलच्या १९८८ आणि २००३ च्या, त्यांत जुन्या बायकोला धमक्या देणारा, कोणाचा मेसेज करून करून छळ करणारा असे लोकही येतात, आणि शिक्षा होणाऱ्यांचा आकडा अटकांच्या मानाने खूपच कमी आहे. आता मेसेजवाले म्हणतील की मग ठीक चाललंय का, तर नाही, 'अत्यंत आक्षेपार्ह' असा ढगळ शब्द कायद्यात ठेवला की पोलीस त्यात काहीही कोंबतात. २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद झाला म्हणून एकाने वैतागून 'उडवून देईन' असं ट्विट केलं, शिक्षा झाली, हायकोर्टाने ती रद्द करायला २०१२ उजाडलं. हे वाईटच आहे. पण 'पूर्वी कसं हाइड पार्कात उभं राहून काहीही बोलता यायचं' हे जे मेसेजमध्ये गळा काढून लिहिलंय ना, त्यांनी शापुरजी सकलातवालांचं नाव ऐकलेलं दिसत नाही. आपल्या मुंबईत जन्मलेला माणूस, बॅटर्सीचा खासदार, १९२६ च्या मे डेला त्याच हाइड पार्कात भाषण केलं म्हणून दोन महिने तुरुंगात होता. खासदार असून!

डिजिटल आयडी: सप्टेंबर २०२५ मध्ये स्टार्मर सरकारने जाहीर केलं ते नोकरीसाठी सक्तीचं करायचं म्हणून, रस्त्यात दाखवायचं असं नव्हे, आणि लोकांनी एवढी बोंब मारली, याचिकेवर पंचवीस लाखांच्या वर सह्या झाल्या, की जानेवारी २०२६ मध्ये ती सक्ती सोडून दिली. रस्त्यात कार्ड मागायचे ते दुसऱ्या महायुद्धातले दिवस. युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी पोलीस मागतच होते, तेव्हा डिसेंबर १९५० मध्ये फिंचलीत विलकॉक नावाच्या माणसाने गाडी थांबवल्यावर कार्ड दाखवायला नकार दिला. केस तो हरला, पण मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी पोलिसांचे कान उपटले, की युद्धासाठी केलेला कायदा आता सरसकट कशाला वापरता, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्डं गेली. विलकॉकने कुठला राजा मध्ये आणला नव्हता.

मोर्चे बंद नाहीत, पण आवळलेत हे नक्की, आणि इथे मी मेसेजवाल्यांपेक्षा जास्त चिडलेलो आहे. २०२२ आणि २०२३ च्या कायद्यांनी पोलिसांना भरमसाट अधिकार दिले. राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ मे २०२३ ला, राजेशाहीविरोधी 'रिपब्लिक'च्या लोकांना फलक बांधायच्या पट्ट्या सापडल्या म्हणून धरलं आणि नंतर पोलिसांनी खेद व्यक्त केला. ९ ऑगस्ट २०२५ ला पार्लमेंट स्क्वेअरमध्ये, बहुतेक नुसता बंदी घातलेल्या 'पॅलेस्टाइन अ‍ॅक्शन' संघटनेला पाठिंब्याचा फलक हातात धरला म्हणून, पाचशेहून जास्त लोकांना अटक झाली, त्यात म्हातारी माणसं कितीतरी. पण मेसेजवाले हे सांगतच नाहीत, की मोर्चावर बंधनं घालायला पोलिसांना जो 'मोठा व्यत्यय' दाखवावा लागतो त्याचा अर्थ 'किरकोळपेक्षा जास्त' असा करणारा २०२३ चा नियम 'लिबर्टी' या संस्थेने कोर्टात नेला, मे २०२४ मध्ये हायकोर्टात जिंकला आणि मे २०२५ मध्ये सरकारचं अपीलही आपटलं. ही संस्था १९३४ पासून हेच काम करतेय. बंड करायचंय तर तिला वर्गणी द्या, बेलिफची फी भरण्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणि शेवटचा मुद्दा तर धडधडीत खोटा, आणि माझ्या मते सगळ्यात घातक, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना तो खरा वाटतो. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. भारतीय पासपोर्ट असलेला, इथे कायदेशीर राहणारा अठरा वर्षांवरचा माणूस पार्लमेंटसकट सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो, वर्क व्हिसावर असला तरी, फक्त नाव नोंदवावं लागतं. मामेभाऊ सात वर्षं इथे आहे आणि नाव नोंदवलेलं नाही, पण बंड मात्र पुकारलं! एकेका मताची किंमत बघा, दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरीतून निवडून आले ते पाच मतांच्या फरकाने, फेरमोजणीत ती तीनच राहिली. नोंदणी ऑनलाइन होते, पाच मिनिटं लागतात. मतदानाला फोटो आयडी लागतो, भारतीय पासपोर्ट चालतो. आणि 'पेन्सिलने मारलेली फुली खोडून मत बदलतात' असाही एक मेसेज मागून येईलच, तर आधीच सांगून ठेवतो, स्वतःचं पेन नेलं तरी चालतं.